डिकीचा तळ : १९७९ च्या पद्मिनीचा गंजलेला पत्रा बदलताना

२३ ऑक्टोबर २०२३ रोजी खंडेनवमी होती. दसऱ्याच्या पूजेसाठी आदल्या दिवशी गाडी धुऊन-पुसून ठेवायची, ही आमच्या घरातली रीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घालून दिलेली आहे आणि ते गेल्यानंतरही मी ती पाळत आलो आहे. गाडी म्हणजे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. डिकीतले सामान बाहेर काढून तळावरचे रेक्झिनचे आच्छादन उचलले, तर त्याची खालची बाजू ओली होती. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, तरीही आच्छादनाखाली तांबूस चिखलासारखा थर साचलेला होता. स्टेपनीच्या जागेजवळ मी स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले आणि जोर न लावताच ते पत्र्यातून आरपार गेले. खाली वाकून पाहिले तेव्हा फरशीवर गंजाच्या पापुद्र्यांचा चुरा पडला होता.

त्या दसऱ्याला झेंडूचा हार नेहमीप्रमाणे बॉनेटवर चढवला, पूजा झाली, आपट्याची पानेही ठेवली. परंतु माझे सगळे लक्ष डिकीकडेच लागले होते. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. पत्राकाम, वेल्डिंग यांतले मला काहीही ठाऊक नव्हते आणि हे काम कोणाला सांगावे, किती खर्च येतो, गाडी किती दिवस अडकून पडते, हे सांगणारे जवळचे कोणी नव्हते. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत तारखा, माणसांचे सल्ले आणि पैशांच्या नोंदी लिहीत गेलो. पुढचा मजकूर त्या वहीवरूनच लिहिला आहे.

पहिले चार-पाच दिवस मी फक्त तपासणी केली. घरातले साधे लोहचुंबक तळावर फिरवले, तर अनेक ठिकाणी ते चिकटलेच नाही. लहान हातोडीने हळूच ठोकून पाहिले तेव्हा शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत आला आणि बाकीच्या ठिकाणी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. कारण पुढे कळले. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये याच डिकीचे काम करून घेतले होते. तेथे गंज न काढता त्यावर पत्र्याची ठिगळे ठेवली होती, कडा पुट्टीने बुजवल्या होत्या आणि वरून डांबर फासले होते. वरून पाहणाऱ्याला तळ काळा, गुळगुळीत आणि नवा दिसत असे, आणि आम्हीही समाधानाने पैसे दिले होते. प्रत्यक्षात ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये पाणी कोंडून राहिले आणि गंज बारा वर्षे आतल्या आत पसरत गेला. जुन्या गाडीचा तळ डांबराने झाकलेला दिसला, तर चुंबक फिरवल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

त्याच आठवड्याच्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्याच्या बातम्या आल्या. ती टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती. घरातल्या काही जणांनी त्यावरून विचारलेही की, आता टॅक्सीसुद्धा बंद झाल्या, मग या गाडीवर खर्च कशासाठी? माझ्याजवळ त्याचे उत्तर एवढेच होते की, ही गाडी अण्णांनी अनेक वर्षे थांबून मिळवली होती आणि तिचे इंजिन आजही पहिल्या फटक्यात सुरू होते.

दिवाळी आटोपल्यावर मी आमच्या नाशिकमध्येच तीन ठिकाणी गाडी दाखवली. एका गॅरेजने खालून नवा पत्रा लावून देतो, सहा हजार रुपये आणि दोन दिवस लागतील, असे सांगितले. दुसऱ्याने भंगारातल्या गाडीचा मागचा भाग कापून आणून जोडण्याचा सल्ला दिला आणि त्यासाठी साठ हजारांचा अंदाज दिला. तिसरे मिस्त्री वडाळा नाक्याच्या बाजूला एका शेडमध्ये काम करतात. त्यांना तिथले सगळेजण चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी डिकीत डोके घालून पाच मिनिटे पाहिले, मग गाडीखाली आडवे झाले आणि बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, उघडल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. सांगितला तर तो खोटा ठरेल. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पाणी तसंच राहिलं तर मी सोन्याचा पत्रा लावला तरी तो गंजेल."

मला हे काम त्यांच्याकडेच द्यावेसे वाटले ते या शेवटच्या वाक्यामुळे. मजुरीचा अंदाज त्यांनी नंतर साडेअठरा हजार रुपये सांगितला, परंतु आत आणखी काही सापडले तर तो वाढेल, हेही स्पष्ट केले. आम्ही दोघांनी तो माझ्या वहीत लिहून ठेवला. लिहून घेण्याचा मला पुढे फार उपयोग झाला, कारण तीन महिन्यांच्या कामात तोंडी ठरलेले दोघांच्याही लक्षात राहत नाही.

येथे थोडे सांगायला हवे की, डिकीचा तळ हा केवळ सामान ठेवण्याचा पत्रा नसतो. पद्मिनी ज्या फियाट ११०० च्या घराण्यातली आहे, त्या गाड्यांना जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. बॉडी आणि चौकट एकच असते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार, बंपरचे ब्रॅकेट आणि मागच्या चाकांवरचा भाग हे सगळे तळाशी आणि त्याखालच्या चॅनेलशी, म्हणजे पत्र्याच्या पोकळ आधारपट्टीशी, जोडलेले असतात. त्यामुळे तळ गंजला की गाडीची ताकदच कमी होते. तळ एकदम कापून काढला तर मागचा भाग दोन-चार मिलिमीटरने सरकू शकतो, आणि मग डिकीचे झाकण पुन्हा कधीच नीट बसत नाही.

२० नोव्हेंबरला गाडी चाचांच्या शेडमध्ये गेली. पहिले दोन दिवस फक्त काढण्याचे काम चालले. बॅटरीची जोडणी सोडवली, मागची सीट, बंपर, टेल लॅम्प आणि मागची वायरिंग काढली. पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या काढून शेडपासून लांब ठेवल्या. टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला, असे मी समजत होतो. चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीला ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. कोणी मिस्त्री टाकी गाडीत ठेवूनच मागच्या बाजूला वेल्डिंग करायला निघाला, तर काम तिथेच थांबवावे. टाकी आतून धुऊन घेणे आणि रबरी नळ्या बदलणे यासाठी १,९०० रुपये लागले.

काढलेली प्रत्येक वस्तू मी वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढले. त्यानंतर मापे घेतली. डिकीच्या बिजागरीच्या बोल्टपासून विरुद्ध बाजूच्या बंपरच्या भोकापर्यंत तिरपे माप, मग दुसऱ्या बाजूने तसेच. दोन्ही मापांत तीन मिलिमीटरचा फरक निघाला. तो आधीपासूनचा होता आणि नोंद झाली नसती, तर नंतर तो नव्या कामाचा दोष वाटला असता. गाडी जॅकवर न ठेवता चार भक्कम स्टँडवर सपाट उभी केली आणि डिकीच्या तोंडाशी व आत आडव्या लोखंडी अँगलच्या तात्पुरत्या आधारपट्ट्या बसवल्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला वेळकाढूपणा वाटतो. परंतु नंतर झाकण जसेच्या तसे बसले, ते या दीड दिवसामुळेच.

२६ नोव्हेंबरला रविवार होता. त्या दिवशी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडकडच्या द्राक्षबागांचे किती नुकसान झाले, ते सर्वांना आठवत असेल. त्या नुकसानीपुढे माझी काळजी अगदीच लहान होती, तरी नोंदवतो. आदल्या दिवशी आम्ही डांबर आणि पुट्टी खरवडून चाकांवरचा चांगला पत्रा चकचकीत उघडा केला होता. शेडला तीनच बाजूंनी भिंती होत्या. सोमवारी सकाळी गेलो, तर त्या उघड्या पत्र्यावर हळद सांडल्यासारखा पिवळसर गंजाचा थर चढलेला होता. एका रात्रीत. तो पुन्हा घासून काढण्यात पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून चाचांनी नियम केला की, जेवढा भाग संध्याकाळपर्यंत प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करायचा. हिवाळ्यात काम काढले म्हणजे पाऊस येणार नाही, असे नाशिकमध्ये गृहीत धरू नये.

डांबर खरवडणे हे मी स्वतः केले. शनिवार-रविवारी आणि कार्यालयातून सुटल्यावर दोन तास, रॉकेलचा बोळा आणि बोथट पटाशी घेऊन. हातमोजे, चष्मा आणि मास्क यांशिवाय हे काम करू नये. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला की त्यातल्या तारा सुटून उडतात. खरवडताना एका ठिकाणी डांबराखाली मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा निघाला, अण्णांनी गाडी घरी आणली तेव्हाचा फिकट निळा. पुढे रंग जुळवण्यासाठी तोच नमुना उपयोगी पडला.

सगळे मोकळे झाल्यावर खरा गंज दिसला. तळाचा मागचा निम्म्याहून अधिक भाग गेलेला होता, आणि त्याखालचे डाव्या बाजूचे चॅनेलही सुमारे चौदा इंच लांबीत पोकळ झाले होते. बाहेरून ते शाबूत होते. चाचांनी अंगठ्याने दाबले तेव्हा बिस्किटासारखे मोडले. मजुरीत साडेतीन हजारांची वाढ झाली आणि एकूण मजुरी बावीस हजार ठरली. मी त्या दिवशी घरी आलो तेव्हा खरोखर खचलो होतो. गाडी आता परत जोडली जाणार की नाही, असा प्रश्न पडला होता आणि तो मी कोणाला विचारूही शकलो नाही.

आयता तळ मिळतो का, हे पाहण्यासाठी ९ डिसेंबरला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. प्रीमियरचा कारखानाही एके काळी कुर्ल्यातच होता. दिवसभर फिरून टॅक्सींचे दोन तळ पाहायला मिळाले. दोन्हींना सीएनजीच्या सिलिंडरचे ब्रॅकेट बसवण्यासाठी पाडलेली भोके होती आणि त्या भोकांभोवती माझ्या गाडीइतकाच गंज होता. मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षे धावलेल्या गाडीचा तळ नाशिकच्या गाडीला लावण्यात अर्थ नाही, हे तिथेच लक्षात आले. मात्र टेल लॅम्पखालची रबरे, डिकीच्या तोंडाचे रबर आणि पाणी निचऱ्याच्या भोकांची रबरी बुचे मिळाली. त्यांचे १,८५० रुपये झाले आणि प्रवास-जेवणाचे १,४००. अशा खरेदीला जाताना पुठ्ठ्याचा नमुना, मोजपट्टी आणि चुंबक जवळ ठेवावे. मी चुंबक नेले होते, म्हणूनच चकचकीत रंगवलेल्या एका तळावर पैसे घालवणे टळले.

शेवटी तळ नाशिकमध्येच बनवायचे ठरले, आणि त्याबाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत मोठ्या वाहन कारखान्यांसाठी पत्र्याची कामे करणारे शेकडो छोटे उद्योग आहेत. जुन्या तळाच्या शाबूत कोपऱ्यातला तुकडा व्हर्नियरने मोजला, तेव्हा जाडी ०.९ मिलिमीटर निघाली. म्हणजे वीस गेज; गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. मी भाबडेपणाने अठरा गेजचा जाड पत्रा सुचवला होता, तो अधिक टिकेल म्हणून. चाचांनी समजावले की, जाड पत्रा शेजारच्या पातळ पत्र्याशी जोडताना उष्णता दोन्हींत सारखी जात नाही, पातळ बाजू जळून भोक पडते, आणि वजनही विनाकारण वाढते. आठ बाय चार फुटांचा सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला, पत्रा घेतला. त्याचे वजन एकवीस किलो भरले आणि किलोला ऐंशी रुपयांप्रमाणे १,६८० रुपये झाले.

फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तळाचा आकार उतरवून घेतला. हा पुठ्ठा डिकीत घालून, काढून, कापून, पुन्हा घालून असा अकरा वेळा तपासला. मूळ तळावर लांबीच्या दिशेने फुगीर पट्टे होते. ते शोभेसाठी नसतात. सपाट पातळ पत्रा गाडी चालताना डबा वाजल्यासारखा थरथरतो आणि ओझ्याखाली लवतो. त्याला फुगीर पट्टा दिला की तोच पत्रा ताठ होतो. चाचांच्या हातोडीने एवढे सरळ पट्टे निघणार नव्हते. अंबडमधल्या एका उद्योजकांनी आपले नेहमीचे काम बाजूला ठेवून रोलिंगच्या यंत्रावर ते काढून दिले. पहिला पट्टा काढल्यावर पत्रा कडेने वर उचलला गेला, म्हणून त्यांनी एकाच दिशेने सलग पट्टे न काढता मधून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही बाजूंना काढले. कडा वाकवण्यासह २,४०० रुपये घेतले. यासाठी तीन आठवडे थांबावे लागले, आणि ते स्वाभाविक होते. त्यांच्याकडे मोठी कामे रांगेत होती.

जुना तळ कापायला जानेवारी उजाडला. कारखान्यात पत्रे जिथे ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले असतात, तिथे ते ठिपके शोधून आठ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरचा पत्रा सोडवायचा असतो, खालच्या चांगल्या पत्र्याला भोक न पाडता. मी असे ब्याऐंशी ठिपके मोजले. काही ठिकाणी गंजामुळे ठिपका दिसतच नव्हता. तिथे तारेच्या ब्रशने घासून, उजेड तिरपा टाकून पाहिले की लहानसा खळगा दिसतो. मधला भाग ग्राइंडरने कापला, पण कडेचा एक इंच ड्रिल आणि पटाशीने हाताने सोडवला. आधी सगळा तळ न काढता चाचांनी चॅनेलचा चौदा इंचांचा तुकडा नवा घडवून बसवला, मापे पुन्हा तपासली आणि मगच उरलेल्या तळाला हात घातला.

संक्रांतीनंतर १७ जानेवारीला वेल्डिंग सुरू झाले. नव्या पत्र्याच्या कडेला दर दीड इंचावर सहा मिलिमीटरची भोके पाडली होती, त्यांतून खालच्या पत्र्याशी वेल्ड भरायचे. जे दोन पत्रे एकमेकांवर बसणार होते, त्यांच्या आतल्या बाजूंना आधीच झिंकचा प्रायमर लावला, कारण एकदा जोडल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही आणि गंज नेहमी अशाच सांध्यात सुरू होतो. दोन पत्र्यांमधली केसाएवढी फट पाणी आत ओढून घेते आणि वाळू देत नाही. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत केलेले, वेल्डिंग, ०.८ मिलिमीटरची तार. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे, मग मध्ये, मग मागे. प्रत्येक टाक्यानंतर हात टेकवता येईल इतका पत्रा निवेपर्यंत थांबायचे.

दुसऱ्या दिवशी चाचांना बाहेर जावे लागले आणि त्यांच्या मदतनीस मुलाने, लवकर उरकावे या चांगल्या हेतूनेच, मागच्या कडेला सहा इंच सलग वेल्ड मारले. पत्रा तंबूसारखा वर उचलला गेला. मधोमध जवळपास अर्ध्या इंचाचा फुगवटा. चाचा परत आल्यावर मुलाला काहीही बोलले नाहीत. त्यांनी ते वेल्ड घासून सोडवले, फुगवट्याच्या माथ्यावर पैशाएवढा ठिपका गॅसच्या टॉर्चने लाल केला, लाकडी मोगरीने हलकेच ठोकला आणि ओल्या फडक्याने लगेच थंड केला. असे चौदा ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला पत्रा किंचित आकसत होता आणि संध्याकाळपर्यंत पट्टी ठेवून पाहिली, तर खाली फट उरली नव्हती. मुलगा शेजारी बसून सगळे पाहत होता आणि शेवटचे तीन ठिपके चाचांनी त्याच्याकडूनच करून घेतले.

वेल्डिंग चालू असताना वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवला होता. गॅस, तार आणि कटिंगच्या चकत्या मिळून २,१५० रुपये झाले.

प्रायमरबद्दल थोडे. जानेवारीत नाशिकला थंडी चांगलीच असते आणि दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर थंडीत लवकर पक्का होत नाही. सकाळी लवकर लावलेला पहिला हात दुसऱ्या दिवशीही नखाने निघत होता. नंतर आम्ही दुपारी बारा ते तीन या वेळेतच प्रायमर लावला. जिथे जुना पत्रा ठेवला होता आणि बारीक गंज खोल गेलेला होता, तिथे आधी फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावून ते काळे पडेपर्यंत थांबलो आणि पुसून, वाळवूनच पुढे गेलो. प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर वरून आणि खालून सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, मग खालच्या बाजूला अंडरबॉडी कोटिंग. या सगळ्या सामानाचे ६,९०० रुपये आणि डिकीच्या आतल्या रंगकामाचे ४,५०० रुपये. निचऱ्याची भोके सीलरने बुजणार नाहीत, हे मी स्वतः उभे राहून पाहिले. घाईत ती हमखास बुजतात.

आता पाण्याचा शोध. डिकीच्या तोंडाचे रबर फाटले होते, म्हणून पाणी तिथूनच येत असणार, असे मी पहिल्यापासून धरून चाललो होतो. नवे रबर बसवल्यावर १७ फेब्रुवारीला चाचांनी सगळ्या सांध्यांवर आतून टाल्कम पावडर भुरभुरली. मी विजेरी घेऊन डिकीत आडवा झालो, त्यांनी झाकण लावून वरून नळाचे पाणी सोडले. दहा मिनिटे काहीच झाले नाही. नंतर उजव्या टेल लॅम्पच्या वरच्या कडेपाशी पांढऱ्या पावडरीत एक बारीक करडी रेघ उमटली. ती थेट खाली न येता पत्र्याच्या घडीच्या आडोशाने पुढे सरकली, कोपऱ्यापाशी थांबली, तिथे थेंब मोठा झाला आणि मग स्टेपनीच्या जागेत टपकला. जिथे माझा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला होता, नेमक्या त्याच ठिकाणी. पाणी आत शिरत होते एका जागी आणि पत्रा गंजत होता तिथून दोन फुटांवर. लॅम्पचे रबर नवे होते, पण त्याखालचा पत्रा जुन्या धक्क्याने किंचित आत दबलेला होता. तो ठोकून सपाट केला, रबराखाली सीलरची बारीक रेघ दिली आणि पुन्हा पाणी सोडले. पावडर कोरडी राहिली.

गाडी २ मार्चला घरी आली. एकूण खर्च ४४,७८० रुपये झाला.

यानंतरचा भाग कागदपत्रांचा. गाडीची नोंदणी ११ जून २०२४ पर्यंत वैध होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्यासाठीचा नमुना २५ चा अर्ज मुदत संपण्यापूर्वी जास्तीत जास्त साठ दिवस आधी करता येतो. मुदत उलटून गेल्यास दरमहा पाचशे रुपये विलंब शुल्क लागते, म्हणून मी एप्रिलच्या मध्यातच परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. तेव्हा, २०२४ मध्ये, शुल्क ५,००० रुपये होते. एप्रिल २०२२ पूर्वी ते ६०० रुपये होते. पर्यावरण कराचे ३,००० रुपये वेगळे भरले. विमा आणि पीयूसी दोन्ही चालू असल्याची खात्री आधी करून घ्यावी. माझी पीयूसी गाडी शेडमध्ये असतानाच संपली होती, त्यामुळे एक फेरी वाढली.

तळ बदलला म्हणजे आरटीओची वेगळी परवानगी लागते का, याची मला धास्ती होती. मूळ आकाराचा, मूळ जागी, मूळ पद्धतीने बसवलेला पत्रा ही दुरुस्ती ठरते. इंजिन किंवा बॉडीचा प्रकार बदलला, तर नोंदणी पुस्तकात फेरफार करून घ्यावा लागतो. रंग बदलला तरी नोंद करावी लागते, म्हणून आम्ही मूळ फिकट निळाच ठेवला. चासी नंबर बॉनेटखाली असल्याने मागच्या कामाचा त्याच्याशी संबंध आला नाही. मात्र ज्यांच्या गाडीत तो कापायच्या भागाजवळ असेल, त्यांनी कापण्यापूर्वी फोटो आणि पेन्सिलचा ठसा अवश्य घ्यावा.

लोकसभेच्या मतदानानंतर, २४ मे रोजी, पेठ रोडच्या कार्यालयात तपासणीची वेळ मिळाली. सकाळी साडेनऊला गेलो आणि दीड वाजता क्रमांक आला. निरीक्षकांनी ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर पाहिले, चासी नंबरचा ठसा ताडून पाहिला आणि मग डिकी उघडायला सांगितली. मी कामाचे फोटो आणि बिलांची फाइल पुढे केली. त्यांनी आच्छादन उचलून तळावर बोटांनी टकटक केली, खाली वाकून चॅनेल पाहिले आणि विचारले, "हे काम नाशिकमध्येच केलंत का?" मी वडाळा नाक्याचे नाव सांगितले. त्यांनी सही केली. नवे नोंदणी कार्ड टपालाने यायला बावीस दिवस लागले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला. डिकीच्या तळावर मी आधीच वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले होते. रात्रभर गाडी मुद्दाम अंगणात उभी केली. सकाळी कागद उचलले तेव्हा उजव्या बाजूचे कोरडे होते; डाव्या कोपऱ्यात मात्र रुपयाएवढा ओला डाग होता. डाव्या लॅम्पच्या रबराखाली आम्ही सीलर लावलाच नव्हता, कारण चाचणीच्या दिवशी त्या बाजूने पाणी आले नव्हते. त्याच रविवारी तो लॅम्प काढला, रबराखाली सीलरची रेघ दिली आणि नवे कागद पसरले.